मिसळणाच्या डब्यातले स्क्रू

हैदराबादेत राणीगंजला बेअरिंगची दुकानं ओळीने आहेत. ट्रकच्या, पंख्यांच्या, पंपांच्या बेअरिंगांचे ढीग आणि त्या ढिगांमागे बसलेली माणसं. त्यातल्या एकाच्या समोर मी शर्टाच्या बटणाएवढा काळा प्लास्टिकचा बुश ठेवला.

‘‘कित्ते होना साब?’’

‘‘वीस.’’

‘‘कायकू होना?’’

‘‘गाडीकू.’’ मग खरं सांगून टाकलं, ‘‘खिलौने की गाडी.’’

त्याने माझ्या पिकलेल्या मिशांकडे एकवार पाहिलं, बुश व्हर्नियरमध्ये धरला आणि म्हणाला, ‘‘एमआर एकसौ पंदरा. पत्रा होना के रबर?’’

हा प्रश्न ऐकला आणि योग्य दुकानात आल्याची खात्री पटली. आतला व्यास ५ मिमी, बाहेरचा ११, जाडी ४. खेळण्याच्या दुनियेत याच बेअरिंगला ११५० म्हणतात आणि रंगीत पाकिटात घालून चढ्या भावाने विकतात. मी रबर सीलवाल्या घेतल्या. का घेतल्या, ते पुढे येईलच.

आमचं घर बरकतपुऱ्यात, चमन आणि पीएफ ऑफिसच्या मधल्या गल्लीत. भाचा नांदेडचा. शिकायला इथे आला तो आमच्याकडेच राहिला. नांदेडकडची गाडी काचीगुड्याला येते आणि काचीगुडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मराठवाड्यातून शिकायला, नोकरीला आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या याच भागात बिऱ्हाड केलं. ११ फेब्रुवारी २०२३ला हुसेनसागरच्या काठावर फॉर्म्युला-ईची शर्यत झाली, भारतातली पहिली. ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला. विजेवरच्या गाड्या शिट्टीसारखा आवाज करत गेल्या तेव्हापासून भाच्याच्या डोक्यात शर्यतीची गाडी शिरली. खरी परवडणारी नव्हती, म्हणून एक-दशांश आली: रिमोटवर चालणारी चारचाकी रेसिंग बग्गी, तीही सुट्या भागांत.

ही चैन आहे, हे आधीच कबूल करतो. लहान आकाराच्या चालत्या प्रतिकृती कस्टमच्या लेखी खेळण्यांच्याच वर्गात मोडतात. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३मध्ये ७०. म्हणून जे काही राणीगंजात, कोठीच्या गुजराती गल्लीत किंवा ट्रूप बाजारात मिळतं ते तिथूनच आणायचं, हा आमचा नियम.

खोक्यात गाडी नसते. ए, बी, सी, डी अशी अक्षरं असलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या, स्क्रूंच्या पिशव्या आणि चित्रांची पुस्तिका असते. स्क्रू दिसायला सगळे सारखे, पण एक ८ मिमीचा, एक १०चा, एक १२चा. चुकून लांब स्क्रू आखूड भोकात गेला की पलीकडून टोक निघतं आणि दात्यांना घासतं. बायकोचा मिसळणाचा जुना डबा कामाला आला. सात वाट्या, त्यांतल्या सहांत सहा प्रकारचे स्क्रू. हळदीच्या वाटीत ई-क्लिपा ठेवल्या, कारण त्या पिवळ्या डागांवर उठून दिसतात. ई-क्लिप म्हणजे नखाएवढी चपटी पोलादी कडी. पकडीतून सुटली की उडते आणि नंतर फक्त अनवाणी पायाला सापडते.

पहिला धडा पेचकसाचा. घरातला साधा चार-फुलीचा पेचकस फिलिप्स जातीचा. जपानी किटांतले स्क्रू जेआयएस जातीचे. दोन्हींची फुली बघायला सारखी, पण टोकाचा उतार वेगळा. फिलिप्स त्या फुलीत तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि फुलीचा गोल खड्डा करून ठेवतो. भाच्याने पहिल्याच संध्याकाळी तीन स्क्रू असे खाल्ले. मग जेआयएसचा पेचकस मागवला. या सगळ्या उद्योगातली ती सर्वांत शहाणी खरेदी होती, पण फोटोत ती कधी दिसत नाही.

स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात. पहिल्यांदा घालताना टोकाला जरा साबण लावायचा, म्हणजे मनगट वाचतं. आणि काढलेला स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवायचा. टक् असा हलका आवाज येतो, तो जुन्या आट्यात उतरतो, मग सुलटा. हे न करता दाबून फिरवला की प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि चौथ्या खेपेला भोक नुसतं भोक राहतं.

गाडी स्वतः बांधण्याची ही रीत जपानी तामियाने घरोघरी पोहोचवली. १९४६ला शिझुओकात लाकडाच्या वखारीपासून सुरुवात झालेली ही कंपनी. त्यांची पहिली रिमोटवाली गाडी १९७६ची, पोर्श ९३४. बग्ग्या १९७९पासून, आणि १९८४च्या ग्रासहॉपर-हॉर्नेटनी जगभरच्या पोरांना वेड लावलं. त्याच १९८४ साली अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची आरसी१० आली. सोनेरी अॅल्युमिनियमची ताटासारखी चॅसी, खेळण्याचा मुलाहिजा न ठेवता शर्यतीसाठीच आखलेली. तेव्हापासून या छंदात दोन घराणी आहेत: बांधण्यात रमणारी आणि सेकंद मोजणारी. आमच्या घरात दोन्ही नांदतात. मी पहिला, भाचा दुसरा.

भाच्याची मागणी पहिल्या दिवसापासून एकच: ‘‘मामा, मोटर बदलू.’’ मी म्हटलं, आधी बुश.

सुरुवातीच्या वर्गातल्या किटांत चाकांच्या आणि गिअरच्या दांड्या प्लास्टिकच्या नाहीतर धातूच्या साध्या बुशांत फिरतात. बुशात दांडी घासते, छर्ऱ्यांवर ती लोळते. इतकाच फरक. पण प्रत्येक चाकाशी, गिअरबॉक्सच्या प्रत्येक टोकाशी तो होतो आणि सगळा मिळून बॅटरीतून वसूल होतो. शिवाय बुश झिजला की दांडी डुगडुगते आणि मग गिअरचे दात एकमेकांत वाकडे बसतात. बेअरिंग घातल्यावर चाक बोटाने फिरवून सोडलं तर ते आपल्याच नादात फिरत राहतं. भाचा पाच मिनिटं एकच चाक फिरवत बसला होता.

आता रबर आणि पत्र्याचं. पत्र्याचं झाकण असलेली बेअरिंग हलकी फिरते, रबरवाली किंचित जड. पण आमच्या मातीला पत्रा पुरत नाही. नांदेड बेसॉल्टवर बसलंय, तिथल्या काळ्या मातीची धूळ बारीक, मऊ. हैदराबाद ग्रॅनाइटवर. इथली तांबूस धूळ हाताला रव्यासारखी लागते, कारण तिच्यात गारगोटीचे कण असतात. बेअरिंगमध्ये शिरले की ते कण छर्ऱ्यांना पॉलिश पेपर लावतात. जराशी जड फिरणारी पण महिनाभर टिकणारी बेअरिंग मला परवडते.

दुसरं काम शॉकअपचं, आणि इथे माझा जीव रमतो. चार बारीक नळकांडी, आत पिस्टन, पिस्टनला भोकं, भोवती तेल. चाक उंचवट्यावर चढलं की स्प्रिंग दबते. ती उसळून परत येऊ नये म्हणून तेलाला त्या बारक्या भोकांतून जावं लागतं आणि त्यातच उसळी जिरते. तेल सिलिकॉनचंच हवं. इंजिन ऑइल घालून बघितलं तर सिलिकॉनच्या ओ-रिंगा फुगतात, आणि ऊन तापलं की ते तेल फार पातळ होतं. सिलिकॉन तेल त्यामानाने गरमीत आपला दाटपणा धरून ठेवतं. आम्ही साडेतीनशे सेंटिस्टोकच्या आसपासचं वापरतो. पाण्याचा दाटपणा साधारण एक, त्यावरून अंदाज घ्यावा.

भरायची रीत अशी. नळकांडं उभं धरायचं, पिस्टन तळाशी, तेल काठाच्या खाली दोनतीन मिमीपर्यंत. पिस्टन हळू वर-खाली केला की तळातून बुडबुडे येतात, सोड्याच्या बाटलीसारखे. घाई केली तर आणखी तयार होतात. मग ते चहाच्या कपात उभं करून ठेवायचं आणि खरोखरच चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत बुडबुडे वर येऊन फुटलेले असतात. झाकण लावताना जरा तेल ओघळू द्यायचं. कानाशी धरून दाबल्यावर फुस्स आवाज आला तर आत हवा राहिली, पुन्हा उघडा. चारही शॉकअप एकाच ताकदीने वर येईपर्यंत मी हे करतो. भाचा त्याला ‘मामांची संध्या’ म्हणतो.

गाडी जमिनीपासून किती उंच असावी यासाठी बाजारात मोजपट्ट्या मिळतात. आमच्याकडे कॅरम आहे. नियमाप्रमाणे सोंगटीची जाडी ७ ते ९ मिमी. गाडी हातभर उंचीवरून टाकायची, ती स्थिरावली की चॅसीखाली एकावर एक तीन सोंगट्या सरकल्या पाहिजेत. खडबडीत मैदानाला ही उंची बेताची. सपाट मातीवर दोन सोंगट्या. पुढची बाजू मागच्यापेक्षा फार उचललेली असेल तर वळणावर पुढची चाकं माती पकडत नाहीत आणि गाडी सरळ बोगनवेलीत जाते.

टायरबद्दल फार सांगत नाही. आपल्या मातीला बारीक काटे की ठोकळे, हे बघायचं आणि टायर रिमला नीट चिकटवायचे. वरचं कवच पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं असतं आणि ते आतून रंगवतात. म्हणजे उलटा हिशेब: बारीक रेघा आणि गडद रंग आधी, फिका शेवटी. काचेच्या मागून रंगवलेली जुनी चित्रं अशीच असत. रंग पॉलिकार्बोनेटचाच हवा. ट्रूप बाजारातला साधा स्प्रे पहिल्या कोलांटीला पापुद्र्यांनी सुटतो.

मग गिअर. इथे थोडं गणित आहे, पण ते चुकवलं तर मोटर जळते. मोटरच्या दांडीवर छोटा गिअर, पिनियन, १७ दातांचा. त्याला लागलेला मोठा, स्पर, ७० दातांचा. पुढे डिफरन्शियलपर्यंत आणखी २.६ पट. सत्तरला सतराने भागा, २.६ने गुणा: १०.७. मोटर इतके फेरे घेते तेव्हा चाक एकदा फिरतं. किटातली साधी ५४० मोटर रिकामी मिनिटाला साधारण १५,००० फेरे घेते. चाकाचा व्यास ८५ मिमी धरला तर ताशी बावीस किलोमीटर निघतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. पिनियन १९चा लावला की हिशेबात पंचवीस. पण मोटरवरचा भारही वाढतो. धाव संपली की मोटरला बोट लावायचं. तीन सेकंद टेकवता आलं नाही तर पिनियन लहान करायचा. दोन गिअरांच्या दातांत किती फट ठेवायची यासाठी वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून मोटर घट्ट करायची आणि पट्टी ओढून काढायची. कागदावर दातांच्या घड्या उमटल्या पण तो फाटला नाही, तर बसलं.

ही कामं होईपर्यंत दोन महिने गेले. दरम्यान भाच्याने माझ्या नकळत निळ्या अॅल्युमिनियमच्या पुढच्या आर्म, म्हणजे चाकं चॅसीला जोडणारे हात, ऑनलाइन मागवल्या. दिसायला दागिना. पहिल्याच रविवारी गाडी फुटपाथच्या कडेवर आदळली. आर्मला ओरखडाही नाही. पण ती ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसवली होती ती खोबणी स्क्रूंसकट उपटून आली. प्लास्टिकची आर्म वाकते, फार तर तुटते, आणि चार स्क्रूंत बदलता येते. तिने पूर्वी खाल्लेला मार आता चॅसीने खाल्ला, आणि चॅसी बदलायची म्हणजे गाडी मुळापासून उसवायची. मजबुती आणून तुटणं थांबत नाही, ते फक्त जागा बदलतं आणि बहुतेकदा महागड्या जागी जातं. भाच्याने त्या आर्म आता अभ्यासाच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवल्या आहेत. एका मित्राने पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करून दिलेली खोबणीही टिकली नाही. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद कारमध्ये तेवढी गरमी होऊ शकते.

बॅटरीही बदलली. जुन्या निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल, ७.२ व्होल्ट. लिथियम-पॉलिमरचे, म्हणजे लिपोचे, दोनच, ७.४. आकड्यात फरक नगण्य, पण लिपो हलकी आणि शेवटपर्यंत दम धरून ठेवते. मात्र तिचे नखरे सांभाळावे लागतात. भरताना प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर नाही, वापरताना ३च्या खाली कधीच नाही, ठेवून द्यायची तर ३.८च्या आसपास. किटसोबतच्या साध्या स्पीड कंट्रोलरला लिपो संपत आल्याचं कळेलच असं नाही. आम्ही गुजराती गल्लीतून व्होल्टेज कमी झाल्यावर बोंबलणारा इवलासा अलार्म आणला. चार्जिंग बाल्कनीत, फायरप्रूफ पिशवीत, आणि कोणीतरी जागं असताना. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, कितीही पैसे गेलेले असोत.

शेवटी, तक्रारीला काही उरलं नाही तेव्हा, ब्रशलेस मोटर आली. पहिल्या धावेत गाडी सरळ रेषेत अशी सुटली की मैदानावर क्रिकेट खेळणारी मुलं बॅट टाकून बघायला आली. तिसऱ्या फेरीत स्परचे दात गेले. नवा स्पर घातला, तर मागच्या चाकाचा डॉगबोन, म्हणजे दोन्ही टोकांना गाठ असलेली दांडी, उडाला आणि पाच रुपयांच्या तुकड्यासाठी आम्ही अर्धा तास गवत चाळलं.

मग मी भाच्याला एक सौदा सांगितला. तीन चपलांचं वळणावळणाचं एक सर्किट आखलं. नवी मोटर, पाच मिनिटं, किती फेऱ्या होतात ते मोज. शर्यतीच्या हीटही पाच मिनिटांच्याच असतात. मग जुनी चंदेरी ५४० परत लावू आणि पुन्हा मोजू. नवीवर सर्वांत जलद फेरी सतरा सेकंदांची होती, पण उलटली की धावत जाऊन सरळ करायला लागत होती. पाच मिनिटांत तेरा फेऱ्या. जुनीवर एकही फेरी एकोणीसच्या आत नव्हती. झाल्या पंधरा.

भाचा बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘‘मामा, शॉकअपमध्ये तेल अजून जरा दाट घालून बघू का?’’

मी चहा ठेवायला सांगितला.