अर्ध्या सेकंदाची शंका

जिगर कुमार. बेंगळुरूच्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत या नावाने हाक मारली, तर एखादा तरी मागे वळून बघेल. २०२२ च्या एप्रिल ते जून या काळात हे नाव फिनलंडच्या लासे कोलिन यांच्यामागे हात धुऊन लागलं होतं. पाठवलेले बदल पडून का राहिलेत? जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे का देत नाही? अशा ईमेल एकामागून एक. कोलिन 'एक्सझेड' नावाचं साधन वर्षानुवर्षं फुकट सांभाळत होते. कापूस दाबून गासडी बांधावी तशी मोठी फाइल दाबून लहान करायची, एवढंच त्याचं काम. पण जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर ते असतंच. आपली मानसिक प्रकृती बरेच दिवस बरी नाही आणि हे बिनपगारी काम आहे, हे कोलिन यांना शेवटी सगळ्यांसमोर लिहावं लागलं.

मदतीला एकच जण होता, जिया टॅन. त्याचा पहिला बदल ऑक्टोबर २०२१ मधला. नंतर शेकडो बदल, नीटनेटके, उपयोगी. २०२३ पर्यंत नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार त्याच्या हाती आला आणि जिगर कुमारचा आवाज तोवर कायमचा बंद झाला होता. दोघांनाही प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नव्हतं.

बेंगळुरूत हे वाचताना मला अतुल चिटणीस आठवतात. जर्मनीत जन्मलेले, बेळगावात इंजिनिअर झालेले आणि बेंगळुरूत रमलेले. इंटरनेट कासवाच्या गतीने चालायचं, त्या १९९६ साली 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी घरोघर पोचवण्यात त्यांचा हात होता. २००१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'लिनक्स बेंगळुरू' परिषद सुरू केली. पुढे तीच 'फॉस डॉट इन' झाली. मुक्त सॉफ्टवेअरच्या या जगात एक रीत आहे. डेबियनसारख्या लिनक्स प्रकल्पात शिरताना समोरासमोर भेटायचं, पासपोर्ट दाखवायचा आणि आपल्या डिजिटल किल्लीचा ठसा, म्हणजे चाळीस अक्षर-अंकांची माळ, ताडून घ्यायची. मग समोरचा आपल्या किल्लीवर सही करतो. ओळखीचा माणूस अनोळखी माणसाची हमी देतो, आपल्याकडे जामीन राहतात तसा. एक्सझेडच्या दारात मात्र असा जामीन कोणी मागितलाच नाही. एका थकलेल्या माणसाच्या छोट्या प्रकल्पात तो मागणार तरी कोण?

फेब्रुवारी २०२४ मध्ये जिया टॅनने ५.६.० ही आवृत्ती काढली. तिच्यातली करामत बघून थक्क व्हायला होतं. अशा साधनाबरोबर चाचणीसाठी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली ठेवतात. त्या बिघडलेल्याच असायला हव्यात, म्हणून त्यांच्यात कोणी डोकावत नाही. चोरवाट तिथेच लपवलेली होती. तिला जागं करणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हतीच, ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या तयार गाठोड्यात होती. आणि लक्ष्य एक्सझेड नव्हतंच. लक्ष्य होतं दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्याचं दार, एसएसएच. मूळ एसएसएचचा एक्सझेडशी काही संबंध नाही. पण डेबियन आणि फेडोरा या लिनक्स प्रकल्पांनी सोयीसाठी त्याला सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती, आणि ती लायब्ररी एक्सझेडला बरोबर घेऊन येत होती. पाहुण्याबरोबर आलेल्या पाहुण्याने घराची किल्ली उचलावी, तसं. वर ही चोरवाट ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली आहे त्यालाच उघडणार. दुसऱ्या चोरालाही तिचा उपयोग नाही!

ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. ते मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतात, पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक आहेत आणि त्या दिवशी त्याच्याच वेगाची मोजणी करत होते. एसएसएचची लॉगइन उगाचच जास्त ताकद खात होती. पूर्वी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७. डोळ्याची दोन-तीन वेळा उघडझाप होईल एवढा फरक. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. ते मात्र मागावर निघाले आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी सगळं जगासमोर मांडलं. धोक्याच्या मापात या चोरवाटेला दहापैकी दहा गुण पडले. ही आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीच्या लिनक्समध्येच पोचली होती, म्हणून निभावलं.

मग संशयाचं मोहोळ उठलं. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने जिया टॅनचं खातं गोठवलं, त्याबरोबर कोलिन यांचंही. त्यांना ते नंतर परत मिळालं. जिया टॅनच्या बदलांवरच्या वेळेच्या नोंदी बहुतांश चीनच्या वेळेच्या, पण मधूनच पूर्व युरोपच्या. मला जास्त बोचतं ते जिगर कुमार हे नाव. मुखवट्यासाठी भारतीय नाव निवडलं गेलं असावं, आणि उद्या बेंगळुरूच्या एखाद्या विद्यार्थिनीने खरोखरच मदत पाठवली तर तिच्याकडे बघणारी नजर बदललेली असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच शहरातल्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीने अशा मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एकट्याने ओझं वाहणाऱ्यांना पैसा मिळणं, हाही दरवाजाला लावलेला अडसरच आहे, असं मला मनापासून वाटतं.

कोलिन यांनी पुढे एकेक ओळ तपासायला घेतली. त्यात जिया टॅनने २६ फेब्रुवारीला केलेला एक बदल होता. एक्सझेडला कुंपणात ठेवणारी 'लँडलॉक' ही सोय संगणकात आहे का, हे बघणारा चाचणीचा तुकडा. त्यात एका ओळीवर दुसरं काहीच नव्हतं, फक्त एक पूर्णविराम. मराठीत 'मद' आणि 'मंद' यांत एका टिंबाचं अंतर असतं; इथे त्या टिंबामुळे चाचणी दर वेळी नापास व्हायची आणि कुंपण गुपचूप उभंच राहायचं नाही. तो पडद्यावर बघताना आधी धुळीचा कण वाटतो. ३० मार्च २०२४ ला कोलिन यांनी तो पूर्णविराम खोडला.