वीज कुठल्या तारेने आली?

काउंटरवरची हकिगत सगळ्यांना पाठ आहे: वीज कडाडली, लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला. मागच्या खोलीत दुरुस्तीच्या टेबलावर कॅबिनेटचं झाकण उघडलं की मात्र वेगळंच काहीतरी बाहेर येतं. तळकोकणात जुलै-ऑगस्टच्या झडीची आम्हाला फारशी भीती नसते. तेव्हा पाऊस पुष्कळ, विजा कमी. खरी धास्ती मेमधल्या वळवाची आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाची. एखादी संध्याकाळ गडगडाटात गेली, की दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधीच माणसं सीपीयू घेऊन पायरीवर बसलेली असतात.

अशाच एका सकाळी एक निवृत्त गुरुजी आले. "अहो, बटण बंद होतं. प्लगसुद्धा काढून ठेवला होता," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मशीन सुरू व्हायचं आणि अर्ध्यावर अडकायचं. बाजारातल्या दुसऱ्या दुकानाने मदरबोर्ड गेल्याचं सांगून नव्याचा भावही दिला होता. आम्ही गुरुजींचा शब्द खरा धरला आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तपासला. तो ठणठणीत होता. मग बोर्डावर टॉर्च मारला, तर लॅन पोर्टामागच्या चिपला बारीकसं भोक आणि भोवती काजळी. प्लग काढला होता हे खरंच. पण केबलवाल्याने गच्चीगच्चीवरून ओढलेली इंटरनेटची तार मागे लागलेलीच होती. बायोसमध्ये जुना पोर्ट बंद केला, साधं लॅन कार्ड बसवलं आणि 'गेलेला' मदरबोर्ड दुपारी गुरुजींबरोबर घरी गेला.

एका पतसंस्थेत तर वायरमन आणि केबलवाला यांची चांगलीच जुंपली. वायरमन म्हणे, वीज केबलमधून आली. केबलवाला म्हणे, तुमचं अर्थिंगच धड नाही. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. जवळपास वीज पडली की जमिनीत थोड्या अंतरावरच्या दोन ठिकाणी विजेच्या दाबात मोठा फरक पडतो. इमारतीचं अर्थिंग एकीकडे, केबलच्या जाळ्याचं दुसरीकडे आणि दोन्ही तारा येऊन मिळतात त्या कॉम्प्युटरमध्ये; मग तो फरक त्याच्यातूनच वाट काढतो. त्यात आमचा जांभा उन्हाळ्यात असा कोरडा पडतो की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावंच लागतं. म्हणून खड्डा शोधायला निघालो. अर्थिंगची तार भिंतीवरून उतरून नव्या फरशीपाशी संपत होती. नूतनीकरणात ती कुणीतरी कापली होती. स्पाइक गार्डमधल्या एमओव्हीच्या चकतीने जास्तीचा दाब अर्थिंगकडे वळवायचा असतो. इथे तिसरी पिन कशालाच जोडलेली नव्हती. गार्डवरचा लाल दिवा मात्र रोज इमानाने लागत होता, कारण त्याला अर्थिंगची गरजच नसते.

लग्नसराईतल्या एका फोटो स्टुडिओचा किस्सा याहून जिवावरचा. नवा एसएमपीएस बसवला तरी मशीन क्षणभर दचकून बंद पडायचं. हार्ड डिस्कची जोडणी काढली, तर लगेच सुरू. म्हणजे शॉर्ट डिस्कमध्ये होता, आणि त्याच डिस्कवर एका लग्नाचे सगळे फोटो होते. तशाच मॉडेलच्या डिस्कचा सर्किट बोर्ड आणून बदला, असा सल्ला स्टुडिओवाल्यांना कुणीतरी दिला होता आणि ते निघालेही होते. त्यांना थांबवलं. त्या बोर्डावर आठ पायांची एक छोटी चिप असते, तिच्यात त्याच डिस्कची खास जुळणी साठवलेली असते. ती चिप न हलवता नुसता बोर्ड बदलला तर डिस्क सहसा वाचताच येत नाही. भिंगातून पाहिलं, तर बारा व्होल्टच्या वाटेवरचा संरक्षक डायोड, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, शॉर्ट झालेला. सोल्डरिंगने तो उचलला आणि डिस्क फिरू लागली. ताबडतोब सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर घेतला. जळलेला म्हणून ज्याच्यावर ठपका आला, त्यानेच लग्न वाचवलं होतं.

एक तरुण 'पास झालेला' एसएमपीएस घेऊन आला. हिरवी आणि काळी तार जोडली, पंखा फिरला, म्हणजे चांगला, अशी त्याची खात्री. पिशवीत नवाकोरा मदरबोर्डही होता. जोडण्याआधी मीटर लावला. पंखा फिरत होता, पण पाच व्होल्टच्या जागी सातच्या वर दाब येत होता. त्या दिवशी विजेने जे सोडलं होतं, ते त्या एसएमपीएसने नेलं असतं.

म्हणून माझा एक आग्रह आहे. काय जळलं एवढ्यावर दुरुस्ती थांबू नये. वीज कुठल्या तारेने आली, तेही बिलावर लिहावं. ती वाट बंद केली नाही, तर मेमध्ये दुरुस्त केलेलं मशीन ऑक्टोबरात परत येतं, हे मी पाहिलेलं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं. तो आला की गडगडाट डोक्यावर येण्याआधीच प्लग, लॅन आणि डिशची तार, सगळं काढावं. विजा सुरू झाल्यावर कशालाच हात लावू नये. आणि डेटाची एक प्रत कुठल्याही तारेला न जोडलेल्या डिस्कवर कपाटात असावी. मदरबोर्ड बाजारात मिळतो, फोटो मिळत नाहीत.