पदवीवरील सन्मान कसे ठरतात : दुर्ग-भिलाईचे उदाहरण

दुर्ग अथवा भिलाई येथील पदवीधर पुढील शिक्षणासाठी नागपूर किंवा पुण्यास येतो, तेव्हा त्याच्या कागदपत्रांतील काही शब्द मराठी वाचकाची दिशाभूल करू शकतात. त्याचे नाव 'प्रावीण्य सूची'त असल्याचा उल्लेख असतो. महाराष्ट्रात 'प्रावीण्य' म्हटले की शालान्त परीक्षेतील ७५ टक्के व त्याहून अधिक गुणांची श्रेणी आठवते आणि ती दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना मिळते. छत्तीसगडच्या शासकीय हिंदीत मात्र प्रावीण्य सूची म्हणजे आपली गुणवत्ता यादी. त्या यादीत एका अभ्यासक्रमाचे पहिले मोजके विद्यार्थीच असतात. 'उपाधि' या शब्दाचेही तसेच. हिंदीत तो पदवीसाठी वापरला जातो. मराठीत उपाधी म्हणजे किताब. भाषांतर करताना हे शब्द जसेच्या तसे ठेवले, तर विद्यार्थ्याने मिळवलेला सन्मान कमी तरी दिसतो किंवा भलताच दिसतो.

पदवीच्या वेळी मिळणारे सन्मान एकाच प्रकारचे नसतात. श्रेणी, गुणानुक्रम, पदक आणि पदवीच्या नावातील 'ऑनर्स' हा शब्द या चार वेगवेगळ्या गोष्टी असून प्रत्येकीचा नियम निराळा आहे.

पदवी कोण देते?

दुर्ग परिसरात तीन प्रकारच्या संस्था जवळजवळ आहेत. दुर्ग विद्यापीठाची स्थापना २०१५ मध्ये झाली व २०१८ मध्ये त्यास माजी मंत्री हेमचंद यादव यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाशी संलग्न होती. भिलाई येथे २००५ पासून छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ कार्यरत आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी भिलाईचे कुटेलाभाटा येथील संकुल २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

याखेरीज १९५८ मध्ये सुरू झालेले विश्वनाथ यादव तामस्कर शासकीय स्नातकोत्तर महाविद्यालय आहे. आडनाव मराठी वाचकाच्या कानाला ओळखीचे वाटेल. गावात मात्र ते 'साइंस कॉलेज' म्हणूनच ओळखले जाते. हे महाविद्यालय स्वायत्त आहे. स्वायत्त महाविद्यालय स्वतःच्या प्रश्नपत्रिका काढते, परीक्षा घेते आणि निकाल लावते. पदवी मात्र ज्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे त्याचीच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना किंवा त्यासाठी खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. साहजिकच एकाच विद्यापीठाची पदवी घेणारे दोन विद्यार्थी वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवून आलेले असू शकतात. त्यांच्या गुणांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे, हे गुणानुक्रम पाहताना लक्षात ठेवावे लागते.

टक्क्यांकडून श्रेयांकांकडे

जुन्या पद्धतीत हिशेब सोपा होता. रायपूर विद्यापीठाच्या परंपरेत ६० टक्क्यांना प्रथम, ४५ टक्क्यांना द्वितीय आणि त्याखाली उत्तीर्ण झालेल्यास तृतीय श्रेणी मिळत असे. आता सत्र पद्धतीत अनुदान आयोगाची दहा गुणांची श्रेणी वापरली जाते. तीत 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' म्हणजे ९, 'ए' म्हणजे ८, 'बी प्लस' म्हणजे ७ आणि याप्रमाणे उतरत 'पी' म्हणजे ४. प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणाला त्या विषयाच्या क्रेडिटने, म्हणजे श्रेयांकाने, गुणायचे, त्यांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे.

समजा, एका सत्रात ४ श्रेयांकांचे तीन व २ श्रेयांकांचा एक विषय आहे. मोठ्या तीन विषयांत ९, ८ व ७ आणि लहान विषयात १० गुण मिळाले, तर बेरीज ११६ होते. तिला १४ ने भागले असता सरासरी ८.२९ येते. हेच १० गुण मोठ्या विषयात आणि ७ गुण लहान विषयात पडले असते, तर बेरीज १२२ व सरासरी ८.७१ झाली असती. श्रेणी त्याच, पण त्या कोणत्या विषयात मिळाल्या यामुळे एवढा फरक पडतो. गुणवत्ता यादीतील स्थान दशांशाच्या दुसऱ्या आकड्यावर ठरत असताना हा फरक लहान म्हणता येणार नाही.

आयआयटींमध्ये बहुधा सापेक्ष पद्धतीने, म्हणजे वर्गातील इतरांच्या तुलनेत श्रेणी दिली जाते. त्यामुळे तेथील ८.५ आणि शेजारच्या विद्यापीठातील ८.५ हे आकडे सारखे दिसले, तरी सारखे नसतात.

पहिल्याच प्रयत्नाची अट

गुणवत्ता यादीसाठी केवळ एकूण गुण पुरेसे नसतात. सर्व सत्रे ठरलेल्या मुदतीत व प्रत्येक विषय पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणे ही अट बहुतेक विद्यापीठे घालतात. पहिल्या वर्षी आजारपणामुळे एखादा पेपर राहिला आणि तो पूरक परीक्षेत सोडवला, तर पुढे कितीही गुण मिळाले तरी यादीचे दार बंद होऊ शकते. विद्यार्थ्यांना याचा पत्ता अनेकदा शेवटच्या निकालानंतर लागतो. वास्तविक ही अट प्रवेशाच्या दिवशीच हाती पडायला हवी. श्रेणी सुधारण्यासाठी पुन्हा परीक्षेस बसण्याचा विचार असणाऱ्याने आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश आधी वाचलेला बरा.

गुणानुक्रमाचे वेड आपल्याकडे जुने आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आले आणि 'रँग्लर' हा शब्द मराठीत घरोघरी पोहोचला. तो पहिला क्रमांक त्यांना आणखी एका विद्यार्थ्यासह विभागून मिळाला होता, हे सहसा सांगितले जात नाही. केंब्रिजने १९०९ नंतर रँग्लरांचे क्रमांक जाहीर करणेच थांबवले.

पदकामागील निधी

सुवर्णपदक पुष्कळदा दात्याच्या निधीतून दिले जाते. एखादे कुटुंब किंवा संस्था विद्यापीठाकडे ठरावीक रक्कम ठेवते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी पदक तयार होते. कोणत्या विषयासाठी, मुलीसाठी की सर्वांसाठी, अशा अटी दाता विद्यापीठाच्या संमतीने घालतो. म्हणून एकाच विद्यार्थ्याच्या गळ्यात अनेक पदके पडू शकतात. नागपूरचे श्रीकांत जिचकार यांच्या नावावर २८ सुवर्णपदके सांगितली जातात. मूळ रक्कम तीच राहते आणि सोने महाग होत जाते. परिणामी अनेक ठिकाणी पदक चांदीचे व मुलामा सोन्याचा असतो. आयआयटींमध्ये राष्ट्रपती सुवर्णपदकाचा मान सर्वांत मोठा समजला जातो आणि तो प्रामुख्याने शैक्षणिक कामगिरीवर ठरतो.

पदक दीक्षान्त समारंभात मिळते आणि तो लांबू शकतो. पदवी मात्र विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत देण्याचे बंधन अनुदान आयोगाच्या २००८ च्या नियमांनी विद्यापीठांवर घातले आहे.

'ऑनर्स'चा बदललेला अर्थ

जुन्या तीन वर्षांच्या 'ऑनर्स' पदवीत या शब्दाचा अर्थ एका मुख्य विषयाचा सखोल अभ्यास असा होता. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आराखडा जाहीर केला. त्यात तीन वर्षांची, १२० श्रेयांकांची पदवी साधी असून चार वर्षे व १६० श्रेयांक पूर्ण करणाऱ्यास 'ऑनर्स' पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडू शकतो. १२ श्रेयांकांचा प्रबंध पूर्ण केल्यास त्याच्या पदवीवर 'संशोधनासह ऑनर्स' असे नमूद होते. छत्तीसगडच्या महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले असल्याने त्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपुढे हा निर्णय २०२७ च्या उन्हाळ्यात येतो. पहिल्या सत्रातील गुणही या ७५ टक्क्यांत मोजले जातात.