जाऊन-येऊन एक दिवस

सहल म्हटली की आपल्यापुढे प्रथम उभी राहते ती वर्गणीची यादी. गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल राजस्थानला गेली, तेव्हा त्या यादीत निम्मी नावेही भरली नव्हती. न येणाऱ्यांना कोणी कारण विचारले नाही, कारण ते सर्वांना ठाऊक होते. मीही त्यांतलाच. पुढे उदयपूरची छायाचित्रे वर्गात फिरली, ती आम्ही कौतुकाने पाहिली. मग मागे राहिलेले आम्ही पाचसहाजण लोकलचे तिकीट आणि घरची पोळीभाजी एवढ्या भांडवलावर दर रविवारी बाहेर पडू लागलो. मुंबई राजधानी म्हणून कितीही मोठी असली तरी तिच्याभोवतीची गावे तिच्याहून फार जुनी आहेत, आणि सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी येता येईल इतकी ती जवळ आहेत. शिवाय ती एकमेकांना ओळखतात. हे शेवटचे मला आधी माहीत नव्हते.

आरंभ सोपाऱ्यापासून करतो. नालासोपारा स्थानकाबाहेरची गर्दी पाहून येथे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर होते, यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. आमचाही बसला नव्हता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथला एक ढिगारा उकरला. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. आत निघाला विटांचा बौद्ध स्तूप, आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. त्या पेटीत एकात एक बसवलेले करंडक होते. सर्वांत आतला सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. भोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती होत्या. ही सारी ठेव पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेली. आज सोपाऱ्यात पाहायला उरला आहे तो विटांचा चौथरा आणि सभोवतीची झाडे. आमच्यातला एकजण निराश होऊन म्हणाला, “एवढ्यासाठी आलो?”

त्याला उत्तर मिळाले ते नंतर, मुंबईतच, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. पंडितजींना सोपाऱ्यात त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला होता. तो तेथे ठेवलेला आहे. (नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ साली मिळाला.) आठव्या लेखाचा विषय कोणता असावा? सहल! पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करीत, मौज करीत, असे अशोक सांगतो. स्वतः मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत तो ब्राह्मण-श्रमणांना भेटे, वृद्धांना दान देई, खेड्यापाड्यांतील लोकांशी बोले. इतर ठिकाणच्या प्रतींवरून पूर्ण मजकूर कळतो. सोपाऱ्याचा दगड फुटका आहे. पण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर लोकांसाठी जे कोरले गेले त्यात प्रवास कसा करावा हाही विषय होता, हे वाचून आम्ही काचेपुढे बराच वेळ उभे राहिलो.

सोपाऱ्याचे लोक पुन्हा भेटतात ते कान्हेरीला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगरभर शंभराहून अधिक लेणी आहेत. बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापर्यंत येतात, ओसरीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या बुद्धाच्या भव्य मूर्तींशेजारी छायाचित्र काढतात आणि डबा उघडतात. मूर्ती भव्य आहेत यात शंका नाही. पण कान्हेरीचे खरे धन भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत आहे, असे माझे मत झाले. हे लेख राजांचे थोडे आणि साध्या लोकांचे फार. व्यापारी, भिक्षुणी, सोनार, गृहिणी यांनी कोणी खोली दिली, कोणी बाक दिला, कोणी पाण्याचे टाके. टाक्याला त्या प्राकृतात ‘पोढी’ हा शब्द आहे. कल्याणच्या एका सोनाराची अशी एक पोढी आहे. दात्यांची गावे वाचत गेले की सोपारक, कल्याण, चेमुल म्हणजे चौल, नाशिक अशी नावे येतात, आणि या भागाचा जुना नकाशाच समोर उलगडतो. कल्याणात सातवाहनकाळाचे आज काही दिसत नाही. त्या काळच्या कल्याणला भेटायचे तर कान्हेरीलाच यावे लागते. पावसाळ्यानंतर गेलात तर कातळात कोरलेले पन्हळ टाक्यांकडे पाणी कसे नेतात तेही पाहा. डोंगरावर एवढे भिक्षू वर्षानुवर्षे कसे राहिले, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. भिंतीवर नाव लिहिण्याचा मोह त्यांनाही आवरला नाही म्हणायचा! मात्र आज शेजारी खिळ्याने बदाम कोरणाऱ्यांना हा दाखला देऊ नये.

अंबरनाथचे शिवमंदिर स्थानकापासून पायी जाण्याजोगे आहे. त्यातील लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, आणि शिलाहार राजा माम्वाणी यांचा उल्लेख आहे. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नाहीत, उतरायच्या आहेत. आणि खाली उतरून वर पाहावे तर शिखर नाही, थेट आभाळ. बाहेरच्या भिंतींवर हात फिरवावा इतक्या जवळ शिल्पे आहेत, पण हात फिरवू नये. काळा दगड आधीच झिजला आहे.

वसईचा किल्ला सोपाऱ्याला जोडून त्याच दिवशी होतो, पण मी म्हणेन त्याला वेगळा रविवार द्या. १५३४ पासून पोर्तुगीजांचा असलेला हा कोट चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात घेतला, एवढे आपण शाळेत शिकतो. १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. म्हणजे पेशवाईच्या एका मोठ्या विजयाला आणि तिच्या परावलंबनाला एकच गाव साक्षी आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्याच्या फरशा आहेत, त्यांवरून शेळ्या फिरत होत्या. येथल्या चर्चमधल्या घंटा विजयानंतर मराठी मुलखात गेल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची १७२१ सालची घंटा त्यांपैकीच मानतात. किल्ल्याबाहेर भाजी विकणाऱ्या एका आजींनी आम्हांला वाट सांगितली, ती ख्रिस्ती सामवेदी बोलीत. निम्मे समजले, निम्मे अंदाजाने घेतले. मराठीच्या वर्गात बोलींवर तास होतो, पण ती बोली कानावर पडली तिथे.

घारापुरीबद्दल मी लिहीत नाही. ती सर्वांनी पाहिलेली आहे. फक्त, पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून तिला एलिफंटा नाव दिले तो हत्ती बेटावर नाही. तो भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कान्हेरी व घारापुरी सोमवारी बंद असतात. आणि लेख पाहायचे तर बॅटरी हवी, तीही समोरून न धरता बाजूने तिरकी धरायची. अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि कोरी वाटणारी भिंत वाचता येऊ लागते. पुढचा रविवार चौलचा ठरला आहे. या वेळी यादी केलेली नाही. भाऊच्या धक्क्यावर सकाळी सहाला जे येतील ते.