कोठी वाजवून बघा!

हैदराबादच्या कोठीला कोठी का म्हणतात? धान्याची नव्हे, साहेबाची. निजामाच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुसीच्या उत्तरेला एक टोलेजंग, खांबांचा महाल उठवला. लोक त्याला कोठी म्हणू लागले आणि पुढे सगळ्या भागालाच ते नाव चिकटलं.

पण मराठी माणूस कोठी म्हटल्यावर धान्याकडेच जाणार. आणि कोठीत दाणा किती उरलाय हे कळायला घरातली बाई झाकण उघडत नसे. बाहेरून टिचकी मारायची. वर पोकळ आवाज, खाली बद्द. बद्द जिथून सुरू झाला तिथवर जोंधळा! तेल, वायू, कोळसा शोधणाऱ्यांचा धंदा हाच, फक्त त्यांची टिचकी जरा महाग असते.

कोठीच्या खाली काय?

काहीच नाही. म्हणजे ग्रॅनाइट आहे, भरपूर आहे, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा जुना आहे, पण तेल-वायूच्या नावाने शंख. त्यांना गाळाचे खडक लागतात आणि त्यात गाडला गेलेला जीवांचा चोथा लागतो. ग्रॅनाइट तर वितळलेल्या रसाचा थिजून झालेला.

आणि गंमत बघा, देशाच्या पोटात काय दडलंय हे शोधणाऱ्या मोठ्या संस्था याच कोरड्या खडकावर ठाण मांडून बसल्या आहेत. १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था उप्पल रस्त्यावर. युरेनियम शोधणाऱ्या परमाणु खनिज निदेशालयाचं मुख्यालय बेगमपेटेत. कोठीतल्या सुलतान बाजार स्थानकावर मेट्रो पकडा, परेड ग्राउंडला गाडी बदला आणि चक्क ‘एनजीआरआय’ नावाच्या स्थानकावर उतरा. भूभौतिकीच्या संस्थेचं नाव मिरवणारं मेट्रो स्थानक आपल्याला तरी दुसरं ठाऊक नाही.

न बघता घर

कर्कपॅट्रिकची बेगम खैरुन्निसा पडद्यात राहणारी. नवऱ्याने बांधलेला महाल तिला हिंडून बघता येईना, म्हणून त्याने जनान्याच्या बागेत महालाची हुबेहूब छोटी प्रतिकृती करून दिली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवा. ती इवलीशी कोठी खरोखर तिथे होती. जे बघता येत नाही त्याचं आधी छोटं चित्र करायचं, हे भूगर्भवाल्यांचं रोजचं काम. त्यांची प्रतिकृती संगणकात असते आणि पडद्यात असते ती पृथ्वी.

अर्ध्या टनाची दुर्बीण आणि हिंगणघाट

कोळसा-वायूच्या आधी जमीन तरी मोजायला हवी. ते वेड विल्यम लॅम्बटन याचं. १८०२ साली त्याने मद्रासजवळ पायारेषा आखली आणि त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकला. त्याचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा. विलायतेहून येताना जहाजासकट फ्रेंचांच्या हाती पडला. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने तो अदबीने पुढे धाडून दिला. (शत्रू असावा तर असा.) पुढे १८०८ साली तंजावरला मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र आदळलं आणि लॅम्बटनने ते स्वतः बसून ठाकठीक केलं. १८१५ साली त्याची एक पायारेषा बिदरजवळ आखली गेली आणि मग हैदराबादेत त्याचा मुक्काम पडला.

इथेच १८१८ च्या अखेरीस त्याला एक तरुण मदतनीस येऊन मिळाला: जॉर्ज एव्हरेस्ट. होय, तोच. स्वतःचं आडनाव तो ‘ईव्हरेस्ट’ असं उच्चारायचा, म्हणजे जगातल्या सर्वांत उंच शिखराचं नाव आपण सगळेच चुकीचं घेतो. पुढच्याच वर्षी कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधल्या जंगलात पावसाळ्याने या एव्हरेस्टची आणि त्याच्या तुकडीची तापाने दाणादाण उडवली. आजाऱ्यांना आणायला हैदराबादहून हत्ती-पालख्या पाठवाव्या लागल्या. सोबत होता डॉक्टर हेन्री व्हॉयसी. हुद्द्याने शल्यचिकित्सक, आवडीने खडकवेडा. भारतीय भूविज्ञानाचा जनक म्हणून पुढे त्याचंच नाव घेतलं गेलं. नाडी बघणाऱ्यानेच जमिनीचीही नाडी बघायला घेतली, हे योग्यच झालं.

लॅम्बटन मात्र थांबायला तयार नव्हता. सत्तरीच्या घरातला हा म्हातारा हैदराबादहून नागपूरकडे निघाला आणि जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वाटेतच वारला. तिथेच त्याचं थडगं आहे. हिंगणघाटवरून रेल्वेने जाणारे किती जण मान वळवतात, देव जाणे.

काळं सोनं, काळे व्यवहार

एव्हरेस्ट ज्या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात तापाने फणफणला, तिथेच १८७१ साली विल्यम किंग याला येल्लंदूजवळ कोळसा सापडला. हा पट्टा आपल्याकडूनच जातो: वर्धेचं खोरं, चंद्रपूर, बल्लारपूर, मग प्राणहिता-गोदावरीच्या काठाने मंचेरियाल, रामगुंडम, कोत्तागुडम. या खडकांना भूवैज्ञानिकांनी नाव दिलं गोंडवन, गोंडांच्या मुलखावरून. पुढे दक्षिण गोलार्धातली सगळी खंडं एकत्र जोडलेली होती त्या आदिखंडालाही तेच नाव पडलं. अंटार्क्टिकाच्या इतिहासात गोंड राजाची सही आहे असं म्हटलं तरी चालेल.

खाण काढायला १८८६ साली लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली आणि कोळशाआधी घोटाळाच बाहेर आला. शेअरांच्या व्यवहाराची चौकशी १८८८ साली थेट ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे गेली आणि निजामाचे बडे अधिकारी अब्दुल हक यांची खुर्ची गेली. खाण सुरू झाली ती त्यानंतर, १८८९ साली. १९२० मध्ये कंपनीचं नाव सिंगरेणी झालं, १९४५ मध्ये निजाम सरकारने बहुतेक शेअर विकत घेतले. आज ती तेलंगण आणि केंद्र यांची सामाईक.

टिचकी मारली, पण मधे पायऱ्या आल्या

आता खरी टिचकी. जमिनीवर भोकात छोटा सुरुंग उडवायचा किंवा जड ट्रकने जमीन थरथरवायची. समुद्रात जहाजामागून दाबलेल्या हवेचा बार काढायचा. ध्वनीच्या लहरी खाली जातात, थराथरावर आपटून परत येतात आणि जमिनीवर ओळीने पेरलेले जिओफोन त्या टिपतात. कोठीजवळच्या बडी चावडीच्या बाजारात कलिंगडावर बोट वाजवणारं गिऱ्हाईक आणि हे लोक, दोघेही कान लावूनच खरेदी करतात.

महाराष्ट्रात मात्र कान नीट लागत नाही. कारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा आपला काळा बेसॉल्ट. त्याला म्हणतात डेक्कन ट्रॅप; ट्रॅप हा शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीकडे एकदा नीट पाहिलं की पटतं. एक लाव्हा, त्यावर माती, त्यावर पुन्हा लाव्हा, अशा थरांत लहर शिरली की तिचा भुगा होतो. टिचकी मारावी तर कोठीच्या भिंतीच चार हात जाड! १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं तेव्हा बेसॉल्ट ३३८ मीटरांत संपला. कोयनेच्या बाजूला तो नऊशे मीटरांहून जास्त निघाला. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने मग नर्मदा-तापीच्या पट्ट्यात ध्वनी, गुरुत्वाकर्षण, वीज आणि चुंबकत्व अशी चारही अस्त्रं एकदम चालवली. लाव्हाखाली झाकलेले गाळाचे थर असल्याच्या खुणा मिळाल्या. पण खूण म्हणजे तेल नव्हे.

खिशातली विहीर

मुंबईसमोर समुद्रात असा अडथळा नडला नाही. सोव्हिएत मदतीने झालेल्या सर्वेक्षणात उंचवटा दिसला होता. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदणाऱ्या यंत्राने तिथे भोक पाडलं आणि मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडलं. १९७६ मध्ये उत्पादन सुरू. तिथला वायू उरणला येतो, अलिबागजवळच्या थळला त्याचं खत होतं. सागर सम्राट बघायला समुद्रात जायची गरज नाही: एक रुपयाची नोट उलटी करा, पाठीवर तोच उभा आहे. देशाच्या सगळ्यांत स्वस्त नोटेवर एवढं महागडं यंत्र!

गाळ आमचा, वायू त्यांचा

कोठीजवळची मुसी कृष्णेला मिळते. त्र्यंबकेश्वरची गोदावरी राजमहेंद्रीच्या पुढे समुद्र गाठते. दोघींनी कोट्यवधी वर्षं नेऊन टाकलेल्या गाळाचं नाव कृष्णा-गोदावरी खोरं, तेलवाल्यांच्या तोंडी नुसतं ‘केजी’. इथल्या खोल समुद्रात २००२ साली रिलायन्सला मोठा वायूसाठा मिळाला आणि २००९ मध्ये तो वाहू लागला. त्याआधी ८ जानेवारी १९९५ रोजी किनाऱ्यावरच्या पासरलापुडीत तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची विहीर भडकली, तेव्हा ती विझवायला ६५ दिवस लागले.

आणि आता जळणारा बर्फ. समुद्रतळाखाली थंडी आणि दाब जमला की पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकून बर्फासारखा घट्ट होतो. एक घनमीटर बर्फात सुमारे १६४ घनमीटर वायू! काडी लावली तर पेटतो. २००६ साली ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ हे जहाज भारताभोवती ११३ दिवस हिंडलं आणि केजीमध्ये एका ठिकाणी १२८ मीटर जाडीचा असा थर मिळाला. त्याची चाहूल लागते ती पुन्हा टिचकीनेच: बर्फाचा तळ समुद्रतळाशी समांतर असा ठसठशीत प्रतिध्वनी देतो.

तो वर आणणं मात्र अवघड. दाबाखालच्या नळीत बंद केला नाही तर दाब सुटल्याबरोबर डेकवर सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो आणि नमुन्याच्या जागी ओला चिखल उरतो.