वळिवड्याच्या छावणीमागचं १९४३ साल

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडचे सुमारे ५,००० लोक राहत होते, हे आपण ऐकलेलं असतं. ते इथं कसे पोचले, आणि युद्ध संपल्यावरही बहुतेक जण आपल्या घरी का गेले नाहीत, हे समजायला मॉस्कोत काय चाललं होतं ते पाहावं लागतं.

सुरुवात १९३९ पासून करू. १ सप्टेंबरला जर्मनीनं पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला, १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियानं पूर्वेकडून. पहिली गल्लत इथंच होते. वळिवड्याची माणसं हिटलरच्या तावडीतून सुटून आली, असं अनेकांना वाटतं. त्यांना घराबाहेर काढलं ते स्टॅलिनच्या राजवटीनं. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली.

२२ जून १९४१ रोजी जर्मनी रशियावरच उलटला. स्टॅलिनला आता मित्रांची गरज होती. लंडनमध्ये पोलंडचं परागंदा सरकार होतं, म्हणजे देश शत्रूच्या हाती गेल्यामुळे परदेशातून चालणारं. ३० जुलैला त्याच्याशी करार झाला. पोलिश कैदी सुटले, जनरल आंदेर्स यांनी त्यांचं सैन्य उभारलं. १९४२ मध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरलं. सोबत हजारो बायका-मुलं, म्हातारी माणसं होती. उपासमारीनं आणि टायफसनं वाटेत किती गेले, याचा विचार करवत नाही.

आता १९४३. फेब्रुवारीत रशियानं स्टालिनग्राडची लढाई जिंकली आणि स्टॅलिनचं पारडं जड झालं. एप्रिलमध्ये कातीनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याचं जर्मनीनं जाहीर केलं. परागंदा सरकारनं रेडक्रॉसकडून चौकशी मागितली, तेवढ्या निमित्तानं रशियानं २५ एप्रिलला संबंध तोडले. (ही कत्तल आपणच केल्याचं मॉस्कोनं १९९० मध्ये कबूल केलं.) ४ जुलैला परागंदा सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की विमान अपघातात गेले. परतीची वाट अशी बंद होत असतानाच, त्याच वर्षी, ही कुटुंबं इराणातून कराचीमार्गे वळिवड्याला येऊ लागली.

इथं आणखी दोन गोंधळ होतात. शाहू महाराजांनी आसरा दिला असं काही जण सांगतात. शाहू महाराज १९२२ मध्येच वारले होते. १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर बालवयातले छत्रपती होते आणि कारभार रीजन्सी, म्हणजे राजा अज्ञान असताना नेमलेली व्यवस्था, पाहत होती. दुसरा गोंधळ जामनगरचा. तिथल्या बालाचडीत जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना १९४२ मध्ये ठेवून घेतलं. ती वेगळी छावणी. मात्र ती बंद झाल्यावर १९४६ मध्ये त्यातली बरीच मुलं वळिवड्यालाच आली.

वळिवड्याची छावणी युद्धकैद्यांची नव्हती. तिथं शाळा, दवाखाना, चर्च, नाट्यगृह होतं. अनेक घरांतले बाप आणि भाऊ आंदेर्सच्या सैन्यात, ब्रिटिश आठव्या सेनेखाली, इटलीत लढत होते. यशवंत घाडगे, नामदेव जाधव हे आपले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी इटलीतच, त्याच आठव्या सेनेत लढले. हा धागा आपल्याकडं फारसा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत पूर्व पोलंड रशियाला देण्याचं ठरलं. ५ जुलैला ब्रिटननं परागंदा सरकारची मान्यता काढली. ज्या गावांतून ही माणसं निघाली, ती गावंच आता पोलंडमध्ये उरली नव्हती. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. बरेच जण ब्रिटनला आणि इतर देशांत गेले. त्या बराकींत फाळणीतले सिंधी निर्वासित आले, आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं.

कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात या लोकांचा स्मारकस्तंभ आहे. तो जरूर पाहा. आणि आपल्या घरात कुणी छावणीत दूध-भाजी घातली असेल, कामाला गेलं असेल, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या.