मंडईतला दुय्यम

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात हलक्या धानाची कापणी उरकून भारी धान अद्याप बांध्यांत उभे असते, त्या सुमारास, म्हणजे भाऊबीजेपासून, ‘मंडया’ या गावजत्रा भरू लागतात. आणि शेजारच्या दोन गावांनी शक्यतो एकच दिवस धरू नये अशी वहिवाट असल्यामुळे, आज या गावी तर उद्या त्या गावी अशी ही मालिका कित्येक दिवस चालते. दिवसा गोवाऱ्यांच्या ढाली निघतात, तलावांतील शिंगाड्यांचे ढीग लागतात, माहेरवाशिणी येतात आणि सोयरिकींची बोलणी तर मंडईत जितकी होतात तितकी लग्नसराईतही होत नसतील. रात्र मात्र शाहिरांची.

या मुलुखाला झाडीपट्टी म्हणतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिची बोली आणि दंडार हे तिचे लोकनाट्य यांचा जन्मभर व्यासंग केला, म्हणून निदान दंडारीची दखल ग्रंथांत घेतली गेली. मंडईच्या रात्री रंगणारी शाहिरांची खडी गंमत त्या मानाने उपेक्षितच राहिली. तिचा सरंजाम थोडका असतो: डफ, तुणतुणे, ढोलकी, ध्रुवपद उचलून धरणारे झीलकरी, स्त्रीवेषातील नाच्या आणि या सर्वांचा धनी शाहीर. गण, गौळण, लावणी, मधूनच एखादा फार्स, हे सारे उभ्याने, मोकळ्या पटांगणात चालते.

परंतु एकट्या संचाची गंमत ही जाणत्या श्रोत्याच्या लेखी अर्धीच. त्याला दुय्यम पाहिजे, म्हणजे दोन संच समोरासमोर पाहिजेत. जुना दंडक असा की तुऱ्याच्या शाहिराने शिवाचा, पुरुषाचा पक्ष घ्यावा आणि कलगीच्या शाहिराने शक्तीचा, मायेचा. एकाने पुराणातील एखादे कूट गाऊन घालावे आणि दुसऱ्याने त्याचा उलगडा गाण्यातच, त्याच ठेक्यावर करून उलट सवाल टाकावा. येथे पाठांतर पुरत नाही. हरदासाला निरूपणाची पूर्वतयारी करता येते, वकिलाला तारीख मागता येते. शाहिराला ढोलकीच्या एका आवर्तनापलीकडे मुदत मिळत नाही.

आयर्लंडातही अशा लोककलांच्या स्पर्धा भरतात. त्यांना तेथे ‘फेश’ म्हणतात. १८९३ साली स्थापन झालेल्या गेलिक लीगने मरू घातलेल्या भाषेबरोबर गाणे आणि नाचही जगविण्यासाठी त्या हाती घेतल्या, आणि १९५१ पासून भरणाऱ्या ‘फ्ला’ या संगीताच्या मोठ्या मेळाव्यात तर परगण्यापासून अखिल देशापर्यंत पायऱ्या आहेत. तेथे परीक्षक कागद-पेन्सिल घेऊन बसतो व गुण देतो. या शिस्तीने कला टिकली हे निर्विवाद. तथापि गुणपत्रिका आली की कलावंत श्रोत्यांऐवजी परीक्षकाच्या मेजाकडे पाहून नाचू लागतो, असा माझा संशय आहे, आणि आमच्याकडील स्पर्धांतून शाहिराला वेळ बांधून दिला जातो तेव्हा तो दृढ होतो. ज्या सवालाचा फास आवळायलाच अर्धी घटका लागते, तो दहा मिनिटांत कसा मावावा?

मंडईच्या दुय्यमात मुनसफ नसतो. श्रोता मध्येच उठून बक्षिसीची नोट देतो, शाहीर त्याचे नाव-गाव पुकारतो, आणि फडाचा कल कोणीकडे आहे हे तेवढ्यावरून साऱ्यांना उमगते. या पद्धतीत दोष नाही असे नव्हे. थिल्लर चाल आणि सवंग विनोद यांनाही नोटा मिळतात, कित्येकदा अधिकच मिळतात, आणि विद्वान शाहीर फिका पडलेला पाहून जीव हळहळतो. पण खेड्यातील म्हातारी मंडळी फार चिकित्सक असतात. पुराणातला संदर्भ चुकला की पुढल्या रांगेतून हटकतात.

मालगुजारी, म्हणजे येथील जमीनदारी, १९५१ साली संपुष्टात आली, जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात आला, १९९९ साली गोंदिया वेगळा झाला. तरी मंडया चालूच आहेत, आणि खर्च गावकरी वर्गणीने भागवतात. दोन्ही संचांची बिदागी आधीच ठरलेली असल्याने हरलेला रिकाम्या हाताने जात नाही. रात्रीचा निकाल खऱ्या अर्थाने लागतो तो पुढल्या दिवाळीत, कोणत्या शाहिराकडे किती गावांचे निरोप येतात त्यावरून.